संशयिताचा ठसा आणि त्याची संमति

सोलापुरांत 'सेटलमेंट' हें नांव अजून लोकांच्या तोंडीं आहे. नव्या पिढीला तो पत्त्यांतील एक शब्द वाटतो. परंतु त्या शब्दामागें एके काळीं एक कायदा उभा होता. १८७१ सालीं केलेल्या, आणि पुढें १९११ व १९२४ सालीं नव्यानें मांडलेल्या 'गुन्हेगार जमातीं'च्या कायद्यान्वयें सरकारला एखादी सबंध जमातच गुन्हेगार ठरवितां येत असे. त्या जमातींतील माणसांचीं नांवें नोंदवहींत घालावींत, त्यांनीं ठरल्या वेळीं हजेरी द्यावी, परवानगीवांचून ठिकाण सोडूं नये, आणि सरकारला योग्य वाटल्यास त्यांना वसाहतींत नेऊन ठेवावें, असा तो बंदोबस्त होता. सोलापूरच्या वसाहतीच्या तारेच्या कुंपणांत कैकाडी, पारधी, टकारी आदि जमातींचीं कुटुंबें राहात. त्यांतील पुष्कळ माणसें शहरांतील कापडाच्या गिरण्यांत राबत आणि काम संपवून परतल्यावर पुन्हां हजेरीला उभीं राहात.

त्या कायद्यांत ठशांविषयीं एक लहानसें कलम होतें. नोंदवहींत नांव असलेल्या कोणाहि माणसाच्या बोटांचे ठसे अधिकाऱ्याच्या हुकुमावरून केव्हांहि घेतां येत. गुन्हा घडलेला असावा, त्या माणसावर संशय असावा, मॅजिस्ट्रेटची परवानगी असावी, यांपैकीं कशाचीहि तेथें अट नव्हती. अमुक घरीं जन्म झाला एवढें कारण पुरेसें होतें. मग संमतीचा प्रश्न निघणार कोठून? ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' हें नांव मिळालें. परंतु पोलिसांना माणसाच्या अंगावरील खुणा, त्याचें रक्त, त्याचा आवाज किंवा त्याच्या मनांतील गोष्ट हवी असेल, तर त्याला 'नको' म्हणतां येतें कीं नाहीं, हा प्रश्न कुंपणाबरोबर नाहींसा झाला नाहीं. आज तो कोणत्याहि घरांतील माणसापुढें उभा राहूं शकतो. त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. कारण कायद्यानें माणसाच्या शरीराला एक नियम लावला आहे आणि त्याच्या मनाला दुसरा.

बोटांच्या ठशांची कथा हिंदुस्थानांतच सुरू होते, आणि तीहि एका करारापासून सुरू होते, ही मौजेची गोष्ट आहे. १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्यानें रस्त्याच्या मालाचा मक्ता देतांना राज्यधर कोनाई या मक्तेदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला. पुढें मागें त्यानें 'ही सही माझी नव्हे' असें म्हणूं नये, एवढाच हेतु त्यांत होता. बोटांवरील रेषा जन्मापूर्वीं घडतात आणि खोल जखम झाली नाहीं तर आयुष्यभर तशाच राहतात, हें पुढें निरीक्षणानें सिद्ध झालें. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या नांवानें जी वर्गवारी जगभर गेली, तिच्या मांडणींत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघां हिंदी अधिकाऱ्यांच्या बुद्धीचा मोठा वाटा होता. कराराची खूण म्हणून आलेला ठसा असा गुन्ह्याच्या तपासांत शिरला.

त्याला कायद्याची चौकट मिळाली ती १९२० सालच्या कैद्यांच्या ओळखीच्या कायद्यानें. या कायद्यानें 'मापें' या शब्दांत बोटांचे व पावलांचे ठसे धरले आणि छायाचित्र घेण्याचीहि मुभा दिली. मात्र एक वर्ष किंवा त्याहून अधिक सक्तमजुरीची शिक्षा ज्या गुन्ह्याला असेल, अशाच गुन्ह्यांत अटक झालेल्या माणसावर हा अधिकार चालत असे. इतर प्रसंगीं मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. माणूस खटल्यावांचून सुटला अथवा निर्दोष ठरला, आणि तो पूर्वीं शिक्षा झालेला नसला, तर त्याचे ठसे व चित्रें नष्ट करावींत अथवा त्याच्या स्वाधीन करावींत, असेंहि त्यांत लिहिलें होतें. तीं राखावयाचीं तर लेखी कारण द्यावें लागे. एकाच काळांत, एकाच देशांत, सामान्य माणसाच्या ठशाला अटी होत्या आणि सेटलमेंटमधील माणसाच्या ठशाला कोणतीहि अट नव्हती. दोन कायद्यांतील हें अंतर ध्यानांत ठेविलें म्हणजे आजच्या नियमांतील अटींचें मोल कळतें.

स्वराज्य आल्यावर राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदानें असें अभय दिलें कीं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ति करतां येणार नाहीं. मग सक्तीनें घेतलेला ठसा ही स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे काय? हा वाद मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांपुढें आला. ४ ऑगस्ट १९६१ रोजीं निकाल लागला. न्यायालयानें म्हटलें कीं, साक्ष देणें म्हणजे आपल्या मनांतील माहिती दुसऱ्यास सांगणें. बोटाची रेष, तळव्याचा आकार, हस्ताक्षराचें वळण हीं माणसाच्या ज्ञानांतून निघालेलीं विधानें नव्हत. तीं केवळ ताडून पाहण्याचीं साधनें होत. म्हणून ठसा देण्याची सक्ति झाली तरी घटनेचें अभय मोडत नाहीं. आजच्या सर्व नियमांची इमारत या भेदावर उभी आहे.

१९२० चा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. ४ ऑगस्ट २०२२ पासून त्याची जागा फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ यानें घेतली. आतां 'मापें' या शब्दांत बोटांचे, तळहाताचे व पावलांचे ठसे, छायाचित्र, डोळ्यांतील बुबुळाची व पडद्याची नोंद, सही, हस्ताक्षर, तसेंच रक्तासारखे जैविक नमुने व त्यांचें पृथक्करण एवढें सर्व येतें. शिक्षेच्या मर्यादेची जुनी अट गेली. कोणत्याहि गुन्ह्यांत अटक झालेल्या माणसास मापें द्यावीं लागतात. विरोध करणें हा लोकसेवकाच्या कामांत अडथळा आणण्याचा गुन्हा ठरतो, आणि विहित रीतीनें मापें घेण्याचा अधिकार पोलिसांना राहतो.

परंतु याच कायद्यांत संमतीला एक जागा ठेविलेली आहे, आणि ती फार थोड्यांस ठाऊक असते. गुन्हा स्त्री अथवा बालक यांच्याविरुद्ध नसेल, किंवा त्याची शिक्षा सात वर्षांहून कमी नसावी अशा वर्गांतला नसेल, तर अटक झालेल्या माणसावर जैविक नमुना देण्याचें बंधन या कायद्यानें घातलेलें नाहीं. ठसा आणि छायाचित्र त्याला नाकारतां येत नाहीं. रक्त, लाळ, केस देण्यास मात्र त्याला नकार देतां येतो. त्यानें दिलें तर तें आपखुशीनें दिलें असें झालें पाहिजे, आणि आपल्याला नाकारण्याची मुभा आहे हें त्याला ठाऊक असल्यावांचून ती आपखुशी खरी म्हणतां येणार नाहीं.

उदाहरणानें ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरांत श्रीसिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. समजा, त्या गर्दींत कोणी एका माणसाची पिशवी ब्लेडनें कापून पैसे नेले, आणि त्या संशयावरून एका तरुणास अटक झाली. साध्या चोरीला पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्या तरुणास बोटांचे ठसे द्यावेच लागतील. आतां पोलिसांनीं केवळ नोंद ठेवण्याकरितां त्याचें रक्त मागितलें, तर २०२२ च्या कायद्याखालीं त्याला 'देत नाहीं' असें म्हणतां येईल. परंतु पिशवी कापतांना चोराचेंच बोट कापलें असेल आणि पिशवीवर रक्ताचे डाग पडले असतील, तर गोष्ट पालटते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१ व्या कलमान्वयें, आरोपीचें शरीर तपासल्यानें त्या गुन्ह्याचा पुरावा मिळेल असें मानण्यास वाजवी कारण असेल, तर पोलिसांच्या विनंतीवरून नोंदणीकृत वैद्यास ती तपासणी करतां येते, आणि त्यासाठीं अवश्य तेवढें बळहि वापरतां येतें. येथें संमति नसली तरी तपासणी थांबत नाहीं. मात्र तपासणी वैद्यानेंच करावयाची, चौकींतील शिपायानें नव्हे. आरोपी स्त्री असेल तर ती स्त्री वैद्यानें अथवा तिच्या देखरेखीखालींच झाली पाहिजे.

या तपासणींत रक्त, थुंकी, घाम, केस, नखांचीं कात्रणें आणि डीएनए चाचणी यांचा समावेश स्पष्ट शब्दांत झाला तो जुन्या फौजदारी संहितेंत २००५ सालीं केलेल्या दुरुस्तीनें. तेव्हां अशी विनंती करणारा अधिकारी फौजदाराच्या हुद्द्याखालचा नसावा अशी अट होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेंत ती अट उरलेली नाहीं. कोणताहि पोलीस अधिकारी अशी विनंती करूं शकतो. अधिकाऱ्याचा हुद्दा उतरला, म्हणून वैद्याच्या जबाबदारीचें वजन वाढलें, असेंच म्हटलें पाहिजे.

केवळ चौकशीसाठीं बोलाविलेल्या माणसाची स्थिति याहून वेगळी आहे. नोटीस पाठवून ठाण्यावर बोलाविलें म्हणजे अटक झाली असें होत नाहीं. अशा माणसाचा ठसा हवा असेल तर त्याची संमति तरी पाहिजे, नाहीं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम तरी पाहिजे. हस्ताक्षराचा व आवाजाचा नमुना घेण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊं शकतो. आवाजाविषयीं जुन्या संहितेंत शब्द नव्हता. २ ऑगस्ट २०१९ रोजीं रितेश सिन्हा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो अधिकार मान्य केला, आणि नव्या संहितेच्या ३४९ व्या कलमांत तो लिहिला गेला. अटक न झालेल्या माणसाविषयीं असा हुकूम द्यावयाचा तर मॅजिस्ट्रेटनें कारणें लिहून ठेविलीं पाहिजेत.

येथवर शरीराचा विचार झाला. मनाचा नियम याच्या उलट आहे, आणि त्याच्या इतिहासांत महाराष्ट्राचाहि भाग आहे. बनावट मुद्रांकांच्या गाजलेल्या प्रकरणाच्या तपासांत आरोपींवर नार्को, पॉलिग्राफ व मेंदूलेखन या चाचण्या करण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढें आला. २००४ सालीं त्या न्यायालयानें, अशा चाचण्या केल्यानें घटनेचें अभय मोडत नाहीं, असें मत दिलें. पॉलिग्राफमध्यें श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरील घाम यांत प्रश्नागणिक होणारे फरक टिपतात. नार्को चाचणींत सोडियम पेंटोथालसारखें औषध शिरेंतून देऊन माणसाला अर्धवट गुंगींत बोलतें करतात. यंत्र शरीराला लावलें तरी शोध मनांतील माहितीचाच चालतो.

५ मे २०१० रोजीं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हा प्रश्न निकालांत काढला. बोलावें कीं गप्प राहावें हें ठरविण्याचा अधिकार माणसाचा आहे. गुंगींत तो अधिकारच हिरावला जातो. म्हणून संमतीवांचून कोणावरहि या तीन चाचण्या करतां येणार नाहींत, मग तो आरोपी असो, संशयित असो वा साक्षीदार असो. वैद्यकीय तपासणीच्या कलमांतील 'इतर चाचण्या' या शब्दांतहि यांना घुसवितां येणार नाहीं, असें न्यायालयानें बजाविलें.

परंतु कोठडींतल्या माणसाची संमति म्हणजे काय? चार दिवस झोप न मिळालेला माणूस पुढें केलेल्या कोणत्याहि कागदावर अंगठा उठवील. म्हणून न्यायालयानें राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २००० सालीं पॉलिग्राफसाठीं घालून दिलेले नियम काटेकोरपणें पाळण्यास सांगितलें, आणि तसेच नियम दुसऱ्या दोन चाचण्यांसहि लावले. चाचणी करून घ्यावी कीं नाहीं हा पर्याय आरोपीसमोर ठेवला पाहिजे. तो तयार झाला तर त्याला वकील मिळाला पाहिजे, आणि चाचणीचे शरीरावर, मनावर व कायद्याच्या दृष्टीनें होणारे परिणाम पोलिसांनीं व वकिलानें त्याला समजावून दिले पाहिजेत. संमति पोलीस ठाण्यांत नव्हे, तर न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, वकिलाच्या उपस्थितींत नोंदविली पाहिजे. या जबाबाला मॅजिस्ट्रेटपुढील कबुलीजबाबाचें नव्हे, तर पोलिसांपुढें केलेल्या विधानाचें स्थान राहील, हें त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलें पाहिजे. तो किती दिवस कोठडींत आहे आणि त्याची चौकशी कोणत्या रीतीनें झाली, हेंहि न्यायदंडाधिकाऱ्यानें पाहावयाचें आहे. प्रत्यक्ष चाचणी रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेनें, वकील हजर असतां करावी, आणि माहिती कशी मिळाली याची संपूर्ण नोंद ठेवावी.

एवढें सर्व पाळलें तरी चाचणींतील उत्तरें पुरावा म्हणून वाचतां येत नाहींत. कारण उत्तर देतांना माणसाचा स्वतःच्या बोलण्यावर पूर्ण ताबा नसतो. स्वेच्छेनें दिलेल्या चाचणीच्या मदतीनें पुढें एखादी वस्तु अथवा माहिती हातीं लागली, तर तेवढीच न्यायालयापुढें येऊं शकते. ९ जून २०२५ रोजीं अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हाच नियम पुन्हां उच्चारला. आरोपीला स्वतःच नार्को चाचणी हवी असेल तर योग्य टप्प्यावर त्याला ती मागतां येईल, परंतु तो त्याचा निरपवाद हक्क नव्हे. संमति खरी आहे कीं नाहीं आणि संरक्षक नियम पाळले जातात कीं नाहीं, हें न्यायालयानें तपासलें पाहिजे, असा तो निकाल आहे.

शरीराच्या पुराव्यालाहि मर्यादा आहेच. यात्रेंतील त्या पिशवीवरील डाग तरुणाच्या रक्ताशीं जुळला, तर तें रक्त त्याचें एवढें कळतें. तें केव्हां पडलें आणि कशानें पडलें, हें इतर पुराव्यानेंच ठरतें. नमुना कोणी घेतला, कोणाच्या समक्ष लाखेची मोहोर लागली, प्रयोगशाळेंत तो तीच मोहोर शाबूत असतां पोहोंचला कीं नाहीं, हें कागदोपत्रीं सलग दिसलें पाहिजे. नियम पाळण्यांत पोलिसांचेंहि हित आहे. तो डाग दुसऱ्याचा निघाला, तर रक्त देणारा तरुण त्याच कागदाच्या बळावर सुटतो. आणि डाग त्याचाच निघाला, तर रीतसर घेतलेला पुरावा वकिलाच्या पहिल्या प्रश्नाला कोसळत नाहीं.

यानंतर प्रश्न उरतो तो नोंदीचा. २०२२ च्या कायद्यान्वयें राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे हीं मापें घेतल्या तारखेपासून ७५ वर्षें राहतात. पूर्वीं शिक्षा न झालेला माणूस खटल्यावांचून सुटला, अथवा अपिलाचे सर्व मार्ग संपून निर्दोष ठरला, तर त्याची नोंद नष्ट करावी असा नियम आहे; मात्र न्यायालय किंवा मॅजिस्ट्रेट लेखी कारणें देऊन ती राखण्याचा हुकूम देऊं शकतो. ७५ वर्षें म्हणजे माणसाचें अवघें आयुष्य. ज्या घरांतील आजोबांचें नांव जन्मामुळें नोंदवहींत होतें, त्या घराला या आंकड्याची धास्ती वाटली तर नवल नाहीं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सुकन्या शांता खटल्याच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें, विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊं नये याची दक्षता घेण्यास पोलिसांना बजाविलें, तें याच इतिहासाकडे पाहून.

तेव्हां घरांतील माणूस ठाण्यावर नेला गेला, तर कुटुंबानें कोणते प्रश्न विचारावेत? त्याला अटक झाली आहे कीं नुसतें चौकशीस बोलाविलें आहे? गुन्हा कोणत्या कलमाखालीं नोंदला आहे? ठसे हवे आहेत कीं रक्त? रक्त हवें असल्यास तें सक्तीनें कीं संमतीनें, आणि संमतीनें असल्यास नकाराची मुभा त्याला सांगितली आहे काय? वैद्य कोण, आणि अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मिळाली काय? विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वयें कोठडींतील माणसास सरकारी खर्चानें वकील मागण्याचा हक्क आहे. सोलापूरच्या जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे त्यासाठीं अर्ज करतां येतो, आणि १५१०० या क्रमांकावरहि मदत मिळते. ऑगस्ट २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरास सुरू झाल्यापासून सोलापूरकरांना वरच्या दादेसाठीं मुंबईची वाट धरावी लागत नाहीं. माणूस निर्दोष सुटल्यावर निकालाची प्रत जोडून नोंद नष्ट करण्याची लेखी मागणी करण्यास मात्र विसरूं नये. कारण सुटकेच्या आनंदांत हेंच काम बहुधा राहून जातें.

सेटलमेंटच्या काळीं ठसा घेणाऱ्या अधिकाऱ्याला कारण सांगावें लागत नसे. आज त्याला अटकेचा कागद दाखवावा लागतो, वैद्य बोलवावा लागतो, मॅजिस्ट्रेटपुढें जावें लागतें, आणि मनांतील गोष्ट हवी असेल तर माणसाच्या खऱ्या संमतीची वाट पाहावी लागते. हे अडसर कायद्यानें मुद्दाम घातलेले आहेत. ज्याच्यासाठीं ते घातले, त्या माणसाला ते ठाऊक असतील, तरच त्यांचा उपयोग आहे.